खापरखेड्याचा मंगळ

आमच्या कॅमेरा ग्रुपमध्ये फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. हार्ड डिस्क भरली की फोटो डिलीट तरी करता येतात, किश्श्यांचं काय करणार? त्यातले निम्मे वंदनाच्या नावावर आहेत.

वंदना खापरखेड्याची. मंगळावरच्या यंत्रगाडीने पाठवलेले फोटो पाहून तिच्या मनाने घेतलं, की वीजकेंद्रातली कोळशाची राख पाण्यात कालवून जिथे सोडतात, त्या राखेच्या तलावावर जाऊन अगदी तसेच फोटो काढायचे आणि नागपुरात प्रदर्शन लावायचं. तिचे बाबा त्याच वीजकेंद्रात कामाला. ते म्हणाले, "राखेचे फोटो कोन पाहीन वं? मी तर रोजच पाहून राहिलो!" झालं! बाबांना प्रदर्शनात आणायचा तिने चंगच बांधला.

*

तिचा नियम कडक. मंगळावर फोटोग्राफर नसतो, म्हणून कॅमेऱ्याला कोणी डोळा लावायचा नाही! कॅमेरा रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीवर बांधला आणि आम्ही लांब उभे राहिलो. पहिल्या दिवशी चाळीस फोटो आले. एकोणचाळीसांत आभाळ, चाळिसाव्यात माझं पोट.

"ठेवू हा," वंदना म्हणाली. "डोंगर म्हणून चालते!"

*

दुसरा नियम, पावलांचे ठसे दिसता कामा नयेत. आमचा प्रशांत बँकेत ऑफिसर. तो उलटा चालत खराट्याने आपलेच ठसे पुसत होता. तिथला गार्ड आला.

"काहून राख झाडून राहिला गा?"

"स्वच्छ दिसली पाहिजे!"

गार्डने जरा विचार केला आणि म्हणाला, "मंग तिकडलीही झाडून टाक!"

*

तांबडी माती हवी म्हणून उमरेडला गेलो. खाणीजवळच्या ढिगाऱ्यावर गाडी फिरवत बारा फोटो घेतले, घरी येऊन ते जोडले. एक बकरी नेमकी कॅमेऱ्याच्याच वेगाने चालली होती. जोडलेल्या फोटोत तीच बकरी सात वेळा!

"पुसून टाकतो," प्रशांत म्हणाला.

"हात नको लावू! शास्त्रज्ञ इतक्या वर्षांपासून हेच तर शोधून राहिले!"

*

रामदासपेठेत हॉल मिळाला. गर्दी तर अशी झाली, की चपला काढायला सांगितल्या असत्या तर दंगल झाली असती. पण वंदनाचं लक्ष दाराकडे. दोन दिवस बाबा आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, ड्यूटीवरून थेट, पायात राखेने माखलेले बूट. "आले!" एवढंच ती म्हणाली.

राखेतल्या बारीक ओहळांच्या फोटोपुढे एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना समजावत होते. त्यांना तो खरोखरच मंगळ वाटला होता. "हे ओहळ पाहा. म्हणजे कधीकाळी इथे पाणी वाहत होतं!"

वंदना सांगायला पुढे झाली. बाबांनी तिला हाताने थांबवलं, चष्मा लावला आणि फोटो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. विद्यार्थी बाजूला सरकले.

"होतं नाही, सर. अजूनही वाहते," बाबा ताठ उभे राहून म्हणाले. "रोज सकाळी पंप मीच चालू करतो!"