बाबांना घरात ठेवलं नाही

बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. अजूनही कुणी ना कुणी मला विचारतंच, "अशा आजारपणात त्यांना बाहेर कसं जाऊ दिलंत?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि काळजीखाली आरोप. आधी मी गप्प बसायचे. आता सरळ सांगते, जाऊ दिलं नाही, मीच घेऊन जायचे.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आईची नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, त्यामुळे आमचं बिऱ्हाड सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा सुट्टीवर आले की त्यांची खाट अंगणात जायची. मेमधली भाजून काढणारी लू असो की जानेवारीतलं धुकं. आई म्हणायची, "या माणसाला भिंती चावतात."

रविवारी ते मला आणि धाकट्या भावाला रिजच्या, म्हणजे दिल्लीतल्याच टेकड्यांवरच्या, जंगलात न्यायचे. भावाला काटे टोचायचे, तो रडकुंडीला यायचा. मला परत यावंसंच वाटायचं नाही. कीकर म्हणजे बाभूळ कुठली, ढाक म्हणजे पळस कुठला, नीलगाय समोर आली तर कसं उभं राहायचं, हे सगळं मी तिथेच शिकले. शेजारच्या आंटी एकदा त्यांना म्हणाल्या, "भाईसाहब, लड़की को जंगल में क्यों घुमाते हो?"

"पैर हैं उसके, इसलिए," बाबा म्हणाले, आणि आत येऊन पोटभर हसले.

लढाईबद्दल ते बोलायचे नाहीत. डाव्या पायाची दोन बोटं उंचावरच्या एका चौकीवर बर्फानं नेली होती, एवढंच आम्हाला माहीत. एकदा इथल्या मराठी मंडळींबरोबर आम्ही पानिपतला काला अंबला गेलो. स्मारकासमोर शौर्याची भाषणं रंगात आली होती आणि बाबा मात्र लांब शेताच्या बांधावर एकटेच उभे. मी त्यांच्या मागे गेले.

"काय बघताय?"

"पाणी कुठं असेल ते. उपाशी माणसं लढली गं इथं. ते कुणी बोलंना."

आईच्या निवृत्तीनंतर गाझियाबादला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आई गेल्यावर त्या घरात बाबा आणि मी, दोघंच उरलो. मी लग्न केलं नाही, नोकरी आईसारखीच सरकारी. बाबा रोज सकाळी दाढी करून, बूट घालून हिंडन नदीच्या काठाला जायचे. पूर येणाऱ्या सखल पट्ट्यातून चालायचे, पाखरं बघायचे, आणि मी ऑफिसला निघायच्या आत परत.

मग त्यांची फुफ्फुसं बिघडली. इथल्या धुरकट, विषारी हवेमुळे डॉक्टरांनी घरातच राहायला सांगितलं. भाऊ पुण्याहून विमानानं आला. हवा शुद्ध करणारं मोठं मशीन घेतलं, खिडक्यांच्या फटी टेपनं बंद केल्या. जाताना मला बजावून गेला, "ताई, त्यांचं ऐकू नकोस. दार बिलकुल उघडायचं नाही." त्याचा बाबांवर जीव होता, यात मला कधीच शंका नव्हती.

बाबांनी विरोध केला नाही. मला त्याचीच भीती वाटली. ते त्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसायचे. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहायची. मग दाढी करणं सुटलं. ज्यांचे खुंट वाढलेले मी जन्मात पाहिले नव्हते, ते बाबा गालावर पांढरं रान घेऊन भिंतीकडे बघत होते.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर मशीन बंद आणि बाबा बूट घालून पलंगाच्या कडेला बसलेले. दाढी केलेली, गालाला एका ठिकाणी कापलेलं.

"कुठे निघालात?"

"ते तू सांगायचं. तुझी परवानगी लागते म्हणे आता."

मी चहाचा कप बाजूला ठेवला. मग ते शांतपणे म्हणाले, "किती जगायचं ते डॉक्टर बघतील, पोरी. कुठं बसून जगायचं ते मला बघू दे."

त्याच दिवशी मी डॉक्टरांना जाऊन भेटले. स्पष्ट विचारलं, "घर में रखूँ तो ठीक हो जाएँगे?" ते म्हणाले, नाही, पण थोडा जास्त वेळ मिळेल कदाचित. आणि बाहेर नेलं तर? कदाचित थोडा कमी. जे ऐकलं ते जसंच्या तसं मी बाबांना सांगितलं. लहान मुलासारखं त्यांच्यापासून लपवायला ते माझं मूल नव्हते.

"मग ठरलं," ते म्हणाले.

मी खिडक्यांच्या टेपा ओढून काढल्या. वारा सुटून हवा जरा निवळली की आम्ही निघायचो. गाडीत ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर, तोंडाला मास्क. एवढं त्यांनी माझ्यासाठी मान्य केलं होतं. भावाला कळल्यावर त्याचा फोन आला.

"तू त्यांना मारतेयस, ताई!"

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "अरे, मी अजून जिवंत आहे. जे काही बोलायचं ते माझ्याशी बोल."

एकदा फरीदाबादच्या पलीकडे अरवलीच्या डोंगरात गेलो. ढाक फुलला होता, सगळी टेकडी शेंदरी दिसत होती. बाबांनी तीन दगड मांडून काटक्या पेटवल्या, चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात वनखात्याचा गार्ड आला. "अंकलजी, यहाँ आग जलाना मना है." मला वाटलं, आता बाबा भांडणार. त्यांनी ताबडतोब आग विझवली, माती लोटली, हात फिरवून निखारे गार झालेत ना ते पाहिलं. मला म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. रान वाळलंय." गार्डची नजर गाडीतल्या सिलेंडरवर गेली. "बीमार हो तो आए क्यों?"

"घर में ज़्यादा बीमार हो जाता हूँ."

तो कोमट, कच्चा चहा आम्ही तिघांनी वाटून घेतला. बाबा परतीच्या वाटेवर खोकत होते आणि खोकता खोकता गार्डची नक्कल करत होते.

मार्च संपता संपता एका सकाळी हिंडनच्या काठावर घडीच्या खुर्चीत बसले असताना ते म्हणाले, "जरा उन्हाकडे फिरव." मी खुर्ची फिरवली. थर्मासमधून चहा ओतून कप पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

स्मशानातून परतल्यावर भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "घरात राहिले असते तर अजून वर्ष मिळालं असतं."

"मिळालंही असतं," मी म्हणाले. "पण त्या खोलीतलं. ते तुला हवं होतं, त्यांना नको होतं."

आत्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "मोठी आहेस, माफी माग, मिटव." मी मागितली नाही. जे चुकलं नाही त्याची माफी मागून मी बाबांचा शेवटचा हिवाळा खोटा पाडणार नव्हते. भाऊ कित्येक महिने बोलला नाही.

मग दिवाळीनंतर तो अचानक आला. म्हणाला, "शेवटी कुठे बसले होते ते दाखव." आम्ही नदीवर गेलो. पाणी काळं, काठाला प्लास्टिक अडकलेलं, वर बगळे. त्यानं नाकाला रुमाल लावला.

"इथे? एवढ्या घाणीत?"

"इथेच. त्यांच्या घराजवळची नदी हीच होती."

तो जमिनीवरच बसला. रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाला, "मी नसतं आणलं, ताई."

"माहीत आहे."

त्याला पटलं नाही, आजही पटलेलं नाही. पटावं म्हणून मी त्याला नेलंच नव्हतं. तो माझा भाऊ आहे, जेवायला येतो, भांडतो, जातो. आणि उद्या तेच डॉक्टर, तेच मशीन, तोच फोन पुन्हा समोर आला तरी गाडीची किल्ली मीच उचलीन.