गडद निळा, दोन ठोके

“परत ऐका,” यान म्हणाले आणि टेबलावर बोट आपटत त्यांनी तोच शब्द पाचव्यांदा उच्चारला. चेम-नो-न्ये-ब्येस-की. पोलिशमध्ये गडद निळा.

२०१७ साली मी कॅनडात सस्काटूनमधल्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होतो. ज्यांची वाचा जाते त्यांनी टाइप केलेलं बोलून दाखवणारं मशीन आम्ही बनवायचो. पोलिश आवाज टेस्टिंगला होता आणि यान हे निवृत्त मास्तर आमचे टेस्टर होते. स्नायूंच्या आजारानं त्यांची जीभ जड होत चालली होती. पुढे घरात त्यांच्या वतीनं हेच मशीन बोलणार होतं.

“माझी बायको इरेना दर रविवारी गडद निळा कोट घालते. मी त्यावर काहीतरी बोलतोच. तुमचं मशीन तेच स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखं बोलतं.”

तक्रार रास्त होती. पोलिश शब्दात जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, इथे ‘ब्येस’वर. पण जोडून झालेल्या लांब विशेषणात पहिल्या तुकड्यावरही एक हलका ठोका पडतो, इथे ‘चेम’वर. आमचं मशीन एकच ठोका द्यायचं. आधीची अक्षरं सपाट घरंगळत जायची.

तासभर यान असे शब्द म्हणत राहिले. दमले की पाणी प्यायचे. मी मान डोलावली आणि शेवटी फॉर्म पुढे केला. “सर, हे प्लीज यात लिहून द्या.”

फीडबॅक लेखीच घ्यायची आमची पद्धत. रेकॉर्डिंगला वेगळी परवानगी, तिच्यासाठी वेगळा ईमेल. मला त्याचा कंटाळा आला, रेकॉर्डिंग न करण्याचं हे खरं कारण.

बॉस ग्रेग म्हणाला, “मायनर आहे. लॉग कर, नेक्स्ट रिलीजला बघू.” मी चुकांच्या यादीत एक ओळ टाकली.

नेक्स्ट रिलीजपर्यंत विंटर आला. दुरुस्तीसाठी नमुना म्हणून खरा आवाज हवा होता. मी यान यांच्या घरी फोन केला. इरेनाबाईंनी उचलला.

“तो आता बोलत नाही. दोन महिने झाले,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्याकडे तासभर बोलला होता ना? ते असेल ना? मलाही कॉपी द्याल?”

माझ्याकडे यादीतली तेवढी एक ओळ होती: जोर चुकतो, मायनर. मी तसं सांगितलं.

“इट्स ओके, डिअर,” त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे दुसऱ्याच एका माणसाच्या आवाजावरून आम्ही शब्द दुरुस्त केला. दोन्ही ठोके जागच्या जागी पडले. यान यांनी ऐकून अंगठा वर केला.

आता मी परवानगीचा ईमेल टेस्टिंगच्या आदल्या दिवशीच पाठवतो. रेकॉर्डिंगला लागतो फक्त फोन, आणि तो त्या दिवशीही माझ्या खिशातच होता.