पायानं सरकवलेला लॅपटॉप

लॅपटॉप त्यांनी हातात दिला नाही. खुर्चीखाली पडला होता, तिथून चपलेच्या टोकानं माझ्याकडे सरकवला.

"घे. आमच्या घरचं टाकलेलं उतरन तुमच्या घराला नेहमीच पुरलंय."

प्रयोगशाळा हसली. आणि मी? वाकले. उचलला. पाय लागलेली वस्तू म्हणून कपाळाला लावला. वर मुजरा केला. पन्नाशीला टेकलेली बाई, आणि कणा अजून उगवायचाच होता.

ते आबासाहेब. विभागप्रमुख, सरदारांचे वंशज. आम्ही शिंदे की छावनी या साध्या वस्तीतले. माझे आजोबा त्यांच्या हवेलीच्या, कोठीच्या दारावर पहारा द्यायचे. म्हणून भूजल प्रयोगशाळेत मी कितीही झिजले, तरी त्यांच्यासाठी 'तू'च.

तेव्हा राज्याचे दोन तुकडे झाले होते. अर्धा विभाग रायपूरला गेला, चांगले कॉम्प्युटरही गेले. उरलेल्यांना दुसऱ्या विभागात मिसळणार होते. ज्याचा प्रबंध पुरा, त्याची खुर्ची राहणार. माझा अडला होता. शहरातल्या लष्कर भागातल्या विहिरी दर उन्हाळ्यात किती खाली जातात, हे सॉफ्टवेअरवर चालवून दाखवायचं होतं.

घरी ते मशीन लावलं. सॉफ्टवेअर अर्ध्यात गोठलं. पुन्हा लावलं, पुन्हा गोठलं. मला वाटलं, आपलंच काही चुकतंय. त्याला उदबत्ती ओवाळली. खरंच ओवाळली. हसा.

मग आबासाहेबांचा भाचा आला. आमच्याच विभागातला, प्रबंध त्याचाही अपुरा. काखेत नवाकोरा लॅपटॉप.

"काकी, मामा म्हणाले, तुमच्याच्यानं होत नसेल तर विहिरींची आकडेवारी मला द्या. मी माझ्या नावानं पुरं करतो. वैसे भी, मामा के मशीन में तो ये कभी चला ही नहीं."

कभी चला ही नहीं. म्हणजे त्यांना माहीत होतं.

मला आईचं लुगडं आठवलं. कोठीवरचंच उतरन. हळदीकुंकवाला सरदारीणबाईंनी चारचौघींत तिचा पदर चिमटीत धरला होता. "हे माझंच ना?" आई हसली होती. मीही हसले होते, मूर्ख.

दुसऱ्या दिवशी दौलतगंजचा बाजार गाठला. दुकानदार चकचकीत मशीन पुढे करू लागला.

"माताजी, इसमें पिक्चर बढ़िया दिखेगी।"

"पिक्चर तू देख, भैया। मेरे कुएँ चला के दिखा।"

माझ्या सॉफ्टवेअरची सीडी पुढे केली. मडकं वाजवून घेतात, तसं एकेक मशीन वाजवून पाहिलं. देखणी होती ती सगळी गोठली. परवडणारं एकच चाललं. पाट्यासारखं जड, पडदा एवढासा, पंखा पिठाच्या चक्कीसारखा घरघरणारा. पण मेमरी भरपूर. माझ्या विहिरी तळापर्यंत गेल्या. म्हटलं, "बाँध दो।"

सकाळी प्रयोगशाळा भरलेली होती. आबासाहेबांचा लॅपटॉप मी फरशीवर ठेवला आणि पायानं सरकवला. बरोब्बर त्यांच्या खुर्चीपर्यंत.

"उतरन परत. विहिरी माझ्या."

"तू कोण आहेस, विसरलीस?"

"आधी अहो-जाहो करा. मग सांगते."

कुणी हसलं नाही.

प्रबंध पुरा झाला. खुर्ची राहिली. भाच्याची गेली. वाईट वाटलं का? छे. पेढे वाटले, पहिला आबासाहेबांच्या टेबलावर ठेवला.

इतक्या वर्षांनी परवा त्याच भाच्याचा फोन आला. त्याच्या मुलीला संशोधनासाठी माझ्या विहिरींची जुनी आकडेवारी हवी आहे. नात म्हणते, "आजी, दे ना, जाने दो अब।"

येऊ दे भाच्याच्या मुलीला. चांगल्या खुर्चीवर बसवीन. अहो-जाहो करीन. गार पाणी देईन. आकडा एकही देणार नाही.