पोखर्णीजवळच्या सपाट वावरात नऊ टोपल्या

परभणी स्टेशनात उतरलो तेव्हा सकाळचं ऊन फलाटावर नुकतं पसरत होतं. माधव बाहेर मोटारसायकल घेऊन उभा होता. आम्ही पुण्यात एका वसतिगृहात चार वर्षं काढलेली. आता तो परभणीच्या शाळेत खेळाचा शिक्षक आहे आणि राहतो पोखर्णीच्या अलीकडच्या गावात, थोरल्या भावाच्या कुटुंबासोबत. माझ्या पाठीवरच्या पिशवीत चकत्या खुळखुळत होत्या. त्यांच्यासाठीच तर मला बोलावणं होतं.

माधवने आपल्या वावरात (शेतात) डिस्क गोल्फचं मैदान केलं होतं. खेळ सोपा आहे. दूरवर खांबाला साखळ्यांची टोपली असते, तिच्यात प्लॅस्टिकची चकती कमीत कमी फेकींत टाकायची. पुण्यात मी हा खेळ टेकडीवरच्या झाडीत खेळतो. माधवचं मैदान पाहून मी मत द्यायचं, असं ठरलं होतं.

"मत नीट दे," वाटेत माधव म्हणाला. "दादाला विहिरीकडून भुईमूग पेरायचाय. उद्या ट्रॅक्टर येणार हाय. मैदान ठेवायचं का मोडायचं, ते तुझं ऐकून ठरवतो म्हणालाय."

"आणि मला नाही आवडलं तर?"

"तर तसं सांग. खोटं न्हाई चालणार त्याच्याम्होरं."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. पोखर्णीला आधी नृसिंहाचं दर्शन घेतलं, देवळाबाहेर चहा प्यायलो आणि तिथून मागे फिरून वावर गाठलं.

पहिल्या नजरेत माझा उत्साह थोडा मावळला. सोयाबीन निघालेलं काळं रान, फळी फिरवून सपाट केलेलं. ना चढ, ना उतार. एक बाभूळ, तीही पार बांधावर. मध्ये लोखंडी नळ्यांवर नऊ टोपल्या. जुन्या पिंपांच्या कड्या आणि गुरांच्या साखळ्या वापरून माधवने त्या परभणीत वेल्डिंगवाल्याकडून करून घेतल्या होत्या. टोपल्या मात्र उत्तम होत्या. साखळीला चकती लागली की खळ्ळ असा आवाज होऊन ती अलगद आत पडे.

आम्ही दोघं एक फेरी खेळलो. वारा नव्हता. चकती सरळ जायची, सरळ सापडायची. चुकवायला झाड नाही, वळवायला वाट नाही. फेरी संपली तेव्हा मला थोडा कंटाळाच आला होता. एकच अडचण म्हणजे सराटे (जमिनीलगतची काटेरी फळं), ते बुटांच्या तळाला चिकटून आले.

बांधावर माधवचे दादा उभे होते. उंच, शांत माणूस, डोक्याला गमजा बांधलेला.

"काय म्हणता पाव्हणे? चांगलं हाय का?"

मी माधवकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. "दादा, संध्याकाळी सांगितलं तर चालेल?" मी विचारलं.

"चालतंय की. आधी जेवून घ्या."

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी होती. मला घास गोड लागेना. मित्राने महिनोन्महिने खपून केलेल्या मैदानाला साधं आणि सोपं कसं म्हणायचं, तेच डोक्यात घोळत होतं.

उन्हं कलल्यावर दादांच्या पत्नी, कमलवहिनी, शेजारच्या दोघींना घेऊन हुरडा भाजायला वावरात आल्या. गोवऱ्यांवर कणसं भाजली, तळहातावर चोळून गरम हुरडा आमच्या हातांवर पडला. खाता खाता वहिनींनी एक चकती उचलली.

"ही ताटली फेकायची तरी कशी, भाऊजी?"

"वहिनी, आजवर फेकली नाहीत?" मी विचारलं.

"कुठं? माधवभाऊजी शाळेच्या पोरांनाच शिकवायलेत. आमी लांबूनच बघायलोत."

मी त्यांना मनगट कसं वळवायचं ते दाखवलं. पहिली चकती त्यांच्याच मागे पडली आणि दोघी शेजारणी हसून वाकल्या. दुसरी जरा पुढे गेली. तिसरी मात्र हातातून सुटली ती सुटलीच. मोकळ्या रानावरून तरंगत लांबच लांब गेली आणि तिघीही हातातला हुरडा तसाच धरून तिच्याकडे पाहत राहिल्या.

"लय लांब गेली की गं," वहिनी हळूच म्हणाल्या आणि पदर खोचून तिच्यामागे चालू लागल्या.

मग त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. शेजारणीही चकत्या घेऊन निघाल्या. चकती कितीही भरकटली तरी दिसत होती. एकमेकींचा नेम दिसत होता, एका टोपलीवरून दुसरीवर गप्पा चालल्या होत्या. टेकडीवर माझे पहिले कित्येक दिवस झुडपांत चकत्या शोधण्यात गेले होते. तेव्हा मी खेळ सोडून द्यायच्या बेतात होतो.

या विचारात मी चौथ्या टोपलीजवळ उभा होतो, तोच कानाजवळून काहीतरी सणकन गेलं आणि माझी टोपी उडाली. सातव्या टोपलीसाठी वहिनींनी फेकलेली चकती होती.

"अगं माय! लागलं का हो?" वहिनी धावत आल्या. मला लागलं नव्हतं. मी टोपी झटकली आणि त्या पदराआड हसू लागल्या.

पण त्या टोपीने मला मैदानाचा खरा दोष दाखवला. मी दादा आणि माधवला तिथंच बोलावलं.

"दादा, माझ्यासारख्याला हे मैदान सोपं आहे," मी म्हणालो. माधवचा चेहरा पडला. "पण पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी याहून चांगलं मी पाहिलेलं नाही. फक्त चौथ्या आणि सातव्याच्या वाटा एकमेकींना छेदतात. कुणाला तरी लागेल. सातवीसकट विहिरीकडच्या तीन टोपल्या उचलून बाभळीकडे नेल्या, तर वाटा सुटतील."

दादा विहिरीकडे पाहत राहिले. "म्हंजी विहिरीकडचा पट्टा मोकळा व्हतोय?"

"होतो."

"मग तिथं भुईमूग, इकडं तुमच्या टोपल्या." ते माधवकडे वळले. "हे आधी का न्हाई सुचलं रं तुला?"

माधव पहार आणायला धावला. अंधार पडायच्या आत आम्ही तिघांनी मिळून टोपल्या हलवल्या. वहिनींनी नव्या जागेवरची पहिली चकती टाकली आणि दुसरी दादांच्या हातात दिली. त्यांची चकती थेट शेजारच्या ज्वारीत गेली.

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या गाडीत बसलो. परभणी मागे पडलं, खिडकीबाहेर काळी सपाट रानं सरकू लागली आणि येताना मला सारखीच वाटलेली ती जमीन मी आता वेगळ्या नजरेने पाहत होतो. इथं टोपली चांगली शोभेल, तिथं वारा चांगला मिळेल, असं मनात चाललं होतं. चांगलं मैदान म्हणजे अवघड मैदान, हे मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पुण्यात आल्यावर पुढच्या रविवारी एक नवखं जोडपं आमच्या टेकडीवर आलं. मी त्यांना झाडीत नेलं नाही. पायथ्याच्या मोकळ्या माळावर उभं केलं, हातात चकती दिली आणि ती जाईल तिथपर्यंत नुसती जाऊ द्या म्हणालो.