मातीचं दार

लेकीला लातूरच्या क्लासमधून नांदेडला घरी आणलं, तेव्हा मी सवयीनं यादी केली. झोप, जेवण, औषध, फिरणं. समुपदेशक बाईंनी मातीकाम सुचवलं होतं, म्हणून खाली लिहिलं, 'पाच ते सहा, माती'. कागद फ्रिजवर चिकटवला. तिनं तो वाचला, खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

त्या कडीचीच मला भीती. वसतिगृहातही तिनं अशीच कडी लावून घेतली होती. हाका मारून दमल्यावर तिथल्या लोकांनी दार तोडलं. ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून जागी होती, एवढंच. पण तेव्हापासून घरात मी दार वाजवायला निमित्तं शोधायची. चहा ठेवू का? धुवायचे कपडे आहेत का? एकदा पंख्याचं विचारलं आणि माझ्याच अंगावर काटा आला.

मातीसाठी हदगावला भावाला फोन लावला. पोळ्याचे बैल करायला शेतातली काळी माती तोच देतो.

"ताई, पोळा होऊन गेला की! बारा महिने पोळाच करून राहिली का तू?"

"गुमान पाठव."

"हाव, हाव. पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

समुपदेशक बाईंना फ्रिजवरच्या कागदाचं सांगितलं. "तो काढून टाका," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हीही बसा तिच्याजवळ. काय करायचं ते आधी ठरवू नका."

ठरवल्याशिवाय माझे हात हलत नाहीत. माती आली त्या संध्याकाळी लेक बैलाचं वशिंड दाबत होती. मी सोपं म्हणून एक चपटी फळी थापली, तिला चौकट केली. मग बोटांनी आपोआप एक बारीक वळी करून वर आडवी चिकटवली.

"हे काय?"

"दार."

"आणि हे?"

"कडी."

ती कडीकडे बघत राहिली. "तू भिऊन राहिलीस का, आई?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. "हाव," म्हणाले, माहेरच्यासारखं.

"मीपण."

कशाला, कधीपासून, तिथं काय झालं, सगळे प्रश्न ओळीनं तयार होते. विचारले नाहीत. तिनं बैल उचलला, खोलीत गेली. कडी लागली.

मी तशीच बसून. काळी माती हवा लागली की तडकते. माझ्या दाराला भेग पडायला लागली, तरी ओलं फडकं टाकायला उठले नाही. कान तिकडे होते.

कडी निघाली.

"पाणी दे गं. शिंग तडकलं."

वाटीत पाणी दिलं. तिनं पायानं दार लोटून घेतलं. आता कडी वाजेल, आता वाजेल म्हणून मी बाहेर उभी राहिले. वाजली नाही. तरी तिथून हलायचा धीर होईना.