वेशीवरचा आकडा

आज गावाच्या वेशीवरची हिरवी पाटी बदलली. अमेरिकेच्या मधल्या भागातलं, मक्याच्या शेतांत हरवलेलं हे आमचं छोटं गाव. पाटीवर वर नाव आणि खाली लोकसंख्या. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की नवा आकडा येतो, आणि तो आधीपेक्षा लहानच असतो. रेल्वे आली म्हणून हे गाव वसलं, जिल्ह्याचं ठिकाण झालं, चौकात दगडी कोर्ट उभं राहिलं. मग रेल्वे गेली. कोर्ट राहिलं, आणि आम्ही म्हातारे.

पाटीसमोर शेजारचे वॉल्टर टोपी काढून उभे होते. त्यांची बायको रूथ जनगणनेच्या आधीच्या हिवाळ्यात गेली.

"यात एक माणूस जास्त आहे," ते हळूच म्हणाले. "घरात किती जण राहतात, असं फॉर्मवर विचारलं होतं. तिचा कोट अजून दाराशीच टांगलेला होता. मी दोन लिहिलं."

म्हणजे पुढची दहा वर्षं रूथ या गावात राहणार. येणारीजाणारी प्रत्येक गाडी तिला मोजून पुढे जाणार.

माझे हेही त्याच हिवाळ्यात गेले.

"तुम्ही काय लिहिलंत?" वॉल्टरनी विचारलं.

"दोनच," मी म्हणाले.

घरातले सगळे फॉर्म आयुष्यभर हेच भरत आले. यांच्यामागे मी भरलेला तो पहिलाच. चष्मा लावून, कुठेही खाडाखोड न करता, मी त्यावर खरं तेच लिहिलं होतं. एक.