टाचेवरची नजर

आमच्या द्वारका चौकात बूट शिवायला बसणाऱ्या काकांनी माझ्या तोंडाकडे कधी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. ते माणूस चपलेवरून ओळखतात. "या ताई, टाच झिजली," हाच त्यांचा नमस्कार. दातांत कायम दोरा धरलेला, त्यामुळे बोलणं मोजकंच.

चाळिशीत मला स्नोबोर्डचं वेड लागलं. बर्फावर ती फळी एका कडेवर कलवून, मागे बारीक रेघ कोरत वळायचं. त्याला बूट कडक लागतात. माझे नवे बूट बोटांना चावायचे, म्हणून मी ते काकांकडे नेले.

"हे फळीला बांधून बर्फावर वळायचं असतं. थोडे सैल करून द्या."

काकांनी बर्फ पाहिलेला तो फक्त उसाच्या रसातला. त्यांनी मला भर उन्हात ते बूट घालून, गुडघे वाकवून उभं केलं. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. काकांनी मागून बोट घालून पाहिलं.

"बूट लहान नाय. टाच उचलते, म्हणून बोटं पुढं आदळतात. सैल केला तर पाय वळेल, फळी नाय वळायची."

त्यांनी टाचेमागे चामड्याची गादी बसवली. सैल काहीही केलं नाही.

गुलमर्गला पहिल्यांदाच माझ्यामागे स्वच्छ रेघ उमटली. परत आल्या आल्या मी तिचा फोटो काकांना दाखवायला गेले. त्यांनी डोंगर पाहिला नाही, मलाही पाहिलं नाही. रेघेवरून बोट फिरवत ते उजव्या वळणाशी थांबले.

"इथं फाकली. टाच अजून हलते. बूट आणलेत?"

मी पिशवी पुढे केली. आणले होतेच.